वनजाक्षीअम्मांचा रहाट

सेतुमाधव उपाध्यायांच्या परसातला रहाट पहाटे कुरकुरायला लागला की आळीतल्या बायका चुलीवर पेज चढवायच्या आणि तो थांबला की मुलं दप्तर उचलून शाळेला निघायची, असा पूर्वीचा हिशेब होता. पुढे तो चुकायला लागला, कारण रहाट थांबेचना. मुलं शाळेत जाऊन बसली, मट्टूची वांगी भरलेला टेम्पो कटपाडीच्या बाजाराकडे गेला, पोस्टमन येऊन गेला, तरी उपाध्यायांच्या विहिरीवर दोर खाली-वर होतच असायचा आणि वनजाक्षीअम्मा अंगावर पाणी घेतच असायच्या. घरात नळ होता, पंपही होता. पण नळाचं पाणी सोवळ्याला चालत नाही, ते हातानेच ओढावं लागतं.

आळीला याचं कोण कौतुक. सोवळ्याला तिकडे मडी म्हणतात आणि मडी पाळणारी घरं उडुपीच्या आसपास काही कमी नाहीत. तरी अम्मांची बातच वेगळी, असं सगळे म्हणायचे. शेजारच्या सुगुणक्काच्या जिभेच्या तडाख्यातून देवसुद्धा सुटलेले नव्हते, पण तीही आपल्या सुनांना कुंपणावरून दाखवायची, "बघा, शिका काहीतरी. नाहीतर तुम्ही. दोन तांबे ओतले की झालं तुमचं न्हाणं." कुणाकडे श्राद्ध असलं की स्वयंपाकाला अम्मांनाच बोलावणं जायचं. त्यांच्या हातचा उडदाचा वडा पितरांना नक्की पावतो, अशी ख्याती होती. एकदा सुगुणक्काच्या सासऱ्यांच्या श्राद्धाला त्यांनी परातच इतक्या वेळा धुतली की ब्राह्मण पाटावर बसून जांभया देत राहिले आणि कावळे वाट बघून दुसऱ्या कुणाकडे तरी जेवून आले. तरी कुणी ब्र काढला नाही. एवढं कडक सोवळं म्हटल्यावर वेळ लागायचाच, असं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. असल्या कौतुकाने माणूस जिवानिशी जातो, पण हे समजायला आळीला फार वर्षं लागली.

खरी गोष्ट अशी की त्या धुण्यात अम्मांना भक्ती वगैरे काही वाटत नव्हती. त्यांना भीती वाटायची. शिजलेल्या भाताचं एखादं शीत कुठेतरी चिकटून राहिलं असेल, कोपराला, निऱ्यांना, नाहीतर तपेल्याच्या काठाखाली. ते तसंच सोवळ्यात गेलं असेल. आणि त्याचं पाप श्रीलताला भोवेल, ही ती भीती. श्रीलता त्यांची एकुलती एक मुलगी. हा विचार खुळ्यासारखा आहे हे अम्मांना इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. कळून काडीचा उपयोग होत नव्हता.

हे सुरू कसं झालं तेही त्यांना लख्ख आठवत होतं. श्रीलता पाळण्यात असताना सासऱ्यांच्या श्राद्धाला पानं वाढून झाली आणि सासूबाईंनी अम्मांच्या कोपराला चिकटलेलं शीत बोटाने उडवलं. "बघावं गं जरा," एवढंच म्हणाल्या. त्याच संध्याकाळी पोरीला ताप भरला. ताप उतरला, पोर खेळायला लागली, सासूबाई सगळं विसरून गेल्या. अम्मांच्या मनात मात्र शीत आणि ताप यांची जी गाठ बसली ती बसलीच.

त्यात नवरा पुरोहित. बाकीच्या बायकांना शंका आली तर त्या ती गिळतात, नाहीतर विसरतात. अम्मांच्या घरात शास्त्र पाटावर बसलेलं होतं, उठून विचारायचा अवकाश. "अहो, हात धुताना नळाला पदर लागला का हो? सोवळं गेलं का?" उपाध्याय मन लावून विचार करायचे आणि निर्णय द्यायचे: नाही गेलं. मग घटकाभराने पुन्हा प्रश्न. मग ते म्हणायचे, बरं, तुळशीचं पाणी शिंपड आणि विष्णूचं नाव घे, म्हणजे झालं. तेवढ्याने काही काळ शांतता मिळायची. हळूहळू त्या शांततेची मुदत कमी होत गेली आणि प्रश्न वाढत गेले. माणूस भला होता, बायकोवर माया होती, आणि रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता निर्णय देऊन त्याने तिचं दुखणं पोसलं. ही चूक पुरोहिताच्याच घरात होऊ शकते.

श्रीलता लग्न होऊन म्हैसूरला गेली होती. तिला दिवस राहिले तेव्हा चार दिवस माहेरी आली. दारातच अम्मांनी तिचे पाय धुतले, बॅगेचा बंद धुतला, चपला धुतल्या. ती जेवायला आत जाणार म्हणून पडवी धुतली, मग माजघर धुतलं. श्रीलता माजघरातून चालली होती आणि ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला. हाताला खांब लागला म्हणून वाचली. खांबाला मिठी मारून ती तशीच उभी राहिली, एक हात पोटावर. अम्मा दोन हातांच्या अंतरावर होत्या. त्यांना धावून तिला धरता आलं नाही, कारण हातात खरकट्याचं फडकं होतं.

श्रीलता चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी पायरीवर आईच्या शेजारी, पण मधे नेहमीचं अंतर ठेवून बसली आणि म्हणाली, "अम्मा, बाळंतपणाला मी इकडे येणार नाही."

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं गं," अम्मा म्हणाल्या.

"माहेरी आईच्या हातचं न्हाणं असतं म्हणून. तुझे हात बघ एकदा."

अम्मांनी पाहिले. पाण्याने पांढरे पडलेले, भेगाळलेले, सांध्यांवर रक्ताच्या बारीक चिरा. त्या हातांनी बाळाच्या अंगाला तेल लावायचं म्हणजे बाळाचंच अंग सोलून निघायचं. आणि मुळात त्या बाळाला पायांवर घेणार होत्या का, हा प्रश्न होताच.

"मला तू शेवटचं जवळ कधी घेतलंस, सांगता येईल तुला?" श्रीलताने विचारलं. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. अम्मांनी बराच वेळ आठवून पाहिलं. त्यांना सांगता आलं नाही.

तिने येताना एका डॉक्टरीणबाईंचं नाव काढून आणलं होतं. उपाध्यायांनी ऐकताच हात झटकले. वेड्यांच्या डॉक्टरकडे आपल्या घरातली बाई? लोक काय म्हणतील? उद्या श्राद्धाला कोण बोलावणार? ते अजून बरंच बोलणार होते, पण अम्मा मधेच म्हणाल्या, "मी जाते." इतक्या वर्षांत न विचारता घेतलेला हा त्यांचा पहिला निर्णय असेल.

डॉक्टर लवीना मथायस जवळच्या शिर्वा गावच्या. ख्रिस्ती बाई, गळ्यात बारीकसा क्रूस, पण तुळू बोलायच्या ती सुगुणक्काच्या तोंडची वाटावी अशी. अम्मा खुर्चीच्या अगदी कडेला, पदर आवळून बसल्या. डॉक्टरांनी त्यांना पाणी विचारलं नाही. इथलं पाणी या बाईंना चालणार नाही हे त्यांनी न सांगता ओळखलं, आणि तेवढ्यानेच अम्मांचा अर्धा धसका गेला. काय काय धुता, किती वेळ धुता हेही आधी विचारलं नाही. एकच विचारलं.

"अम्मा, धुऊन झालं की स्वच्छ वाटतं का?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. सगळे त्यांच्या सोवळ्याचं कौतुक करायचे, उपाध्याय शंका फेडायचे, पण धुतल्यावर वाटतं काय, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"नाही," अम्मा म्हणाल्या.

"मग थांबता कशा?"

"दमते म्हणून." आणि त्या रडायला लागल्या. उपाध्याय बाजूच्या खुर्चीवर बसले होते. रोज सकाळी तो रहाट ऐकताना त्यांना बायकोचा अभिमान वाटायचा, आणि ती तिथे दमेपर्यंत स्वतःला धूत होती.

आपल्याकडे जुनी माणसं या दुखण्याला मंत्रचळ म्हणायची आणि हसून सोडून द्यायची. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी डोक्याचं एक चित्र काढून समजावलं. कपाळाच्या मागे मेंदूचा एक भाग आहे, त्याचं काम ओरडायचं: काहीतरी चुकलंय, बघ. तो सगळ्यांचाच ओरडतो, त्याशिवाय माणूस दूध उतू जायच्या आत चुलीकडे धावणार नाही. मेंदूच्या आत खोलवर दुसरा एक भाग आहे, तो दारावरच्या माणसासारखा. काम झालं की तो दार लावतो आणि आतून कळतं की हं, झालं. अम्मांच्या डोक्यात हे दार नीट लागत नाही. म्हणून कपाळाकडची हाक आत जाते, तिथून फिरून पुन्हा कपाळाकडे येते, आणि तशीच गरगरत राहते. असं दुखणं असलेल्यांच्या मेंदूचे फोटो काढले तर एवढाच भाग भलताच कामाला लागलेला दिसतो. औषधाने, किंवा सरावाने, माणूस बरा व्हायला लागला की तो थंडावतो.

"म्हणजे तुम्ही शीत धूत नाही, अम्मा," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही ते 'झालं' शोधताय. ते पाण्यात नाही. कितीही पाणी ओढलंत तरी विहिरीतून ते निघायचं नाही."

उपाध्यायांनी विचारलं, म्हणजे आता सोवळं सोडायचं का. हा प्रश्न त्यांना घरून निघाल्यापासून टोचत होता. भटजींना तिकडे भट्टरे म्हणतात. डॉक्टरांनी उलट त्यांनाच विचारलं, की भट्टरे, तुमच्या शास्त्रात सोवळ्याचं स्नान किती वेळा करायचं सांगितलंय? एकदा, उपाध्याय म्हणाले. मग एकदाच करू द्या, डॉक्टर म्हणाल्या. सोवळं नियमाचं आहे, त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. या दुखण्याला शेवट नाही, म्हणून ते सोवळं नाही. परतताना बसमध्ये उपाध्यायांनी दोनदा स्वतःशीच मान हलवली.

त्याआधी, निघताना, डॉक्टरांनी उपाध्यायांना धरलं. "अम्मा शंका विचारतात तेव्हा तुम्ही काय करता?"

"शास्त्राप्रमाणे सांगतो."

"भट्टरे, तुम्ही रोज त्या आगीत एकेक पळी तूप घालताय. आजपासून घालायचं नाही. त्यांनी विचारलं की म्हणायचं, माहीत नाही."

उपाध्यायांचा चेहरा पडला. गावात मुंजीचा मुहूर्त, सुतकाचे दिवस, एकादशी आज की उद्या, काहीही अडलं की लोक त्यांच्याकडे यायचे आणि उत्तर घेऊन जायचे. माहीत नाही हे शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलेच नव्हते. पहिल्या आठवड्यात ते म्हणताना त्यांची जीभ अडखळायची. अम्मांनी विचारायचं, "तपेल्याला शीत नव्हतं ना हो?" त्यांनी तोंड उघडायचं, मिटायचं, खिडकीबाहेर बघायचं आणि मग म्हणायचं, "माहीत नाही." अम्मा चिडायच्या. एकदा तर म्हणाल्या, एवढं वेद शिकून हे माहीत नसेल तर जानवं काढून ठेवा. तेही त्यांनी ऐकून घेतलं. त्या माणसाने बायकोसाठी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच असेल.

गोळी रोज सकाळी घ्यायची होती. ती लगेच लागू पडत नाही, दोन-अडीच महिने धीर धरा, आणि या दुखण्याला मात्रा जरा जास्तच लागते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पहिले काही दिवस मळमळ झाली, मग ती गेली. गोळीने डोक्यातला ओरडा बारीक होईल, पण दार लावायला शिकायचं ते सरावाने, असं त्यांचं म्हणणं होतं.

तो सराव म्हणजे मात्र अम्मांना शिक्षा वाटली. भीती वाटते तेच करायचं, आणि त्यानंतर धुवायचं नाही. आधी दाराच्या कडीला हात लावून तसंच बसायचं. मग चपलेला. मग खरकट्या भांड्यांच्या मोरीच्या कठड्याला. भीती छातीत चढते, चढू द्यायची, आणि ती आपणहून उतरेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. ती उतरते, यावर अम्मांचा विश्वास नव्हता. त्यांच्या अनुभवात ती फक्त पाण्याने उतरायची. पहिल्यांदा कडीला हात लावून बसल्या तेव्हा पदर घामाने भिजला आणि आता आपला जीव जातो असं वाटलं. मग हळूहळू, त्यांच्या नकळत, दुपारच्या सारात चिंच घालायची राहिली की काय असा विचार डोक्यात आला. चिंचेचा विचार येण्याइतकी जागा डोक्यात रिकामी झाली होती. त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "हेच ते. दार लागतंय."

मग आली भाताची पाळी. डॉक्टरांनी डबा उघडला, आपल्या मनगटावर एक शीत चिकटवलं आणि दुसरं बोटावर घेऊन अम्मांच्या कोपराकडे आणलं. नेमकं तिथेच. अम्मांनी डोळे मिटले. शीत चिकटलं. आता श्रीलताचा विचार करा, डॉक्टर म्हणाल्या, तिला काही होईल असा विचार आला तर येऊ द्या. अम्मा पळाल्या नाहीत. कोपराला शीत घेऊन त्या बसने कटपाडीला आल्या. वाटेत कंडक्टरचा हात लागला, एका म्हातारीची कोंबडी पायाशी आली. घरी आल्यावर श्रीलताचा फोन आला. ती म्हैसूरला कच्च्या आंब्याचं लोणचं खात बसली होती आणि तिला काहीही झालेलं नव्हतं.

सगळं असं सरळ होत गेलं असतं तर सांगायला सोपं झालं असतं. मधे तीन आठवडे अम्मा अडकून पडल्या. सगळा सराव करायच्या, हात धुवायच्या नाहीत, तरी भीती तसूभरही कमी होईना. शेवटी डॉक्टरांनीच पकडलं. बसल्या बसल्या अम्मांचे ओठ किंचित हलत होते. प्रत्येक शितानंतर त्या मनात विष्णूचं नाव घेत होत्या, एकदा नीट नाही आलं तर पुन्हा, पुन्हा. पाणी सोडलं होतं आणि मनात धुणं चालू होतं. त्यांना वाटलं डॉक्टर रागावतील. डॉक्टर म्हणाल्या, देवाचं नाव सकाळी पूजेला घ्या, संध्याकाळी दिव्यापाशी घ्या, पण भीतीवर टाकायला घेऊ नका. देवाला साबणासारखं वापरायचं नाही. हे एका ख्रिस्ती बाईने सांगावं याची अम्मांना लाज वाटली आणि थोडं हसूही आलं.

हात भरून यायला लागले. भेगा बुजल्या. सुगुणक्काला पहिल्यांदा कळलं ते रहाटावरून. कुंपणावरून तिने अम्मांना निरखून बघितलं आणि सुनांना सांगितलं की उपाध्यायांच्या घरात सोवळ्याची पातळी घसरली, कलियुग आलं. अम्मांनी ते ऐकलं. महिन्यापूर्वी त्या या शब्दांनी कोसळल्या असत्या. आता त्यांनी तिला मट्टूची दोन वांगी पाठवून दिली. नववा महिना लागला तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून श्रीलताला म्हटलं, "ये. मी न्हाऊ घालीन." श्रीलता म्हणाली, "येते, अम्मा." आणि फोन ठेवताना रडली, ते इकडे ऐकू आलं.

मुलगा झाला. दवाखान्यातून बाळ घरी आलं. शास्त्राच्या हिशेबाने उपाध्यायांना थोडक्याच दिवसांचं सोयर होतं, पण बाळंतीण घरात असल्यावर घराला सोवळं कुठलं राहायला. तिचं सोयर फिटेपर्यंत देव चुलतभावाकडे पाठवले. त्या दिवसांत अम्मांसारखी सुखी बाई कटपाडीत नसेल. सोवळंच नाही, तर ते मोडायची भीती कशाला. रोज सकाळी पाय पसरून त्या बाळाला पायांवर घ्यायच्या, खोबरेल तेलाने चोळायच्या, कढत पाण्याचा हात त्याच्या पाठीवरून फिरवायच्या आणि बाळ सुखाने डोळे मिटायचं. श्रीलता खाटेवरून बघत राहायची. श्रीलता म्हणाली, अम्मा बरी झाली. उपाध्यायही म्हणाले.

अम्मांना मात्र खात्री नव्हती. डॉक्टरांना फोनवर सांगितलं तेव्हा त्याही म्हणाल्या, की ही सुट्टी आहे, परीक्षा नाही. सोयर फिटेल त्या दिवशी बघू.

तो दिवस उजाडला. पुण्याहवाचन व्हायचं होतं, देव परत यायचे होते, दुपारी बाळाचं नाव ठेवायचं होतं आणि नैवेद्याचं पायस अम्मांनी सोवळ्यात करायचं होतं. म्हैसूरची माणसं आली होती. पहाटे अम्मा विहिरीवर गेल्या. रहाट कुरकुरला आणि थांबला. आत दर्भ निवडत बसलेल्या उपाध्यायांनी सुटकेचा श्वास घेतला. मग तो पुन्हा सुरू झाला. थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.

ते उठून परसदारी गेले. अम्मा ओलेत्या उभ्या होत्या, दोर हातात, चेहरा जुना. आज देव घरात येणार, आज शीत राहिलं तर बाळाला भोवेल. इतक्या महिन्यांनी त्यांनी विचारलं, "अहो, झालं का हो?"

उपाध्यायांना हो म्हणायचं होतं. एका शब्दाने तिचा चेहरा निवळला असता. "माहीत नाही, वनजा."

अम्मा दोर सोडून आत आल्या. भीती त्यांच्याबरोबर आत आली, चुलीशी बसली, गूळ विरघळताना आणि नारळाचं दूध घालताना शेजारी होतीच. अम्मांनी तिला हाकलली नाही.

पायस होत आलं तेव्हा माजघरात बाळ रडायला लागलं. श्रीलता न्हायला गेली होती. म्हैसूरच्या बायकांनी घेऊन बघितलं, सुगुणक्काने खांद्यावर टाकून थोपटलं, पण ते अजूनच ताणून रडू लागलं. रोज ज्या हातांनी चोळून घेतलं ते हात त्याला हवे होते. अम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही नका येऊ, अम्मा," सुगुणक्का म्हणाली. "तुम्ही सोवळ्यात. आम्ही बघतो."

अम्मा उंबरा ओलांडून आल्या. त्यांनी बाळ घेतलं आणि छातीशी धरलं. बाळ हुंदके देत शांत झालं, आणि शांत झाल्यावर त्यांच्या सोवळ्याच्या लुगड्यावर निवांत मुतलं. ओल पार मांडीपर्यंत आली. सगळ्यांनी उपाध्यायांकडे बघितलं.

"भट्टरे, आता काय हो?" सुगुणक्काने विचारलं.

उपाध्यायांनी निर्णय दिला नाही. अम्मा भिंतीला टेकून खाली बसल्या. आता भीती आलीच होती, पूर्वीसारखी: या बाळाला ताप भरेल, तुझ्यामुळे, ऊठ, धू. त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही. ओठ मिटून ठेवले. भरेल ताप? माहीत नाही. भीती चढत गेली, कानापर्यंत आली, आणि अम्मा बाळाच्या टाळूचा वास घेत तशाच बसून राहिल्या. न्हाऊन आलेली श्रीलता ओल्या केसांनी दारात उभी राहून बघत होती. आई आता उठेल असंच तिला वाटत होतं. अम्मांनी तिच्याकडे बघितलं आणि दुसरा हात पुढे केला.

"ये गं इकडे."

श्रीलता आली आणि मधलं अंतर न ठेवता आईला चिकटून बसली. अम्मांनी तिला ओल्या लुगड्यासकट जवळ घेतलं. बाळ झोपेपर्यंत तिघं तशीच बसली होती.

"सोवळं गेलं," मग अम्मा सुगुणक्काला म्हणाल्या. "जाऊ दे. आता बाळ झोपलंय, पुन्हा न्हाऊन येते. पायस ढवळायला मात्र कुणी विसरू नका, तळाला लागेल."

त्या परसात गेल्या. माजघरातल्या सगळ्यांचे कान तिकडे लागले. रहाट कुरकुरला. पाणी पडल्याचा आवाज आला. रहाट थांबला. म्हैसूरच्या बायका आपसात बोलायला लागल्या, पण आळीच्या बायकांना पुढचं ठाऊक होतं, त्या वाट बघत राहिल्या. रहाट काही वाजला नाही. आणखी थोडा वेळ गेला, तरी वाजला नाही.

"दोर तुटला की काय," सुगुणक्का म्हणाली.

तेवढ्यात अम्मा कोरं लुगडं नेसून स्वयंपाकघरात शिरल्याही, आणि पायसात वेलदोडा कुणी घातला का, म्हणून आतून विचारलं. उपाध्याय उठून परसात बघायला गेले. दोर शाबूत होता. कठड्यावर नीट वेटोळं करून ठेवलेला होता. ते तिथेच उभे राहून उपरण्याने डोळे पुसत राहिले, आणि आतून नैवेद्याला दोनदा हाक आली तरी त्यांना हलता येईना.